गेटवरची पाटी मराठीत लावा, मग तपासा किती तपासायचं ते

पहिलेच सांगून ठेवतो, मी फौजेच्या विरोधात लिहीत नाहीये. माझा लहान भाऊ फौजेत आहे, गावातले अजून चौघं आहेत, आणि दोन पोट्टे रोज पहाटे पाचला कॅनॉलच्या रोडवर धावताना दिसतात कारण त्यांना अग्निवीर व्हायचंय. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसासाठी फौज म्हणजे काही फक्त टीव्हीवर बघायची गोष्ट नाही, पुलगावचा दारूगोळा डेपो इथंच आहे, देशातला सगळ्यात मोठा, आणि त्याच्या भोवती आपलीच गावं आहेत, आपलीच वावरं आहेत. म्हणून जे म्हणायचंय ते घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणतो.

म्हणणं एवढंच आहे. मिलिटरीच्या एरियात कोणाला सोडायचं, कोणाला नाही, आत गेल्यावर कोणत्या रोडनं जायचं आणि कुठपर्यंत जायचं, हे ठरवायचा पूर्ण हक्क फौजेचा आहे, त्यात आपण तोंड घालू नये. पण जो काही नियम आहे तो लिहिलेला पाहिजे, गेटच्या बाहेर लावलेला पाहिजे, आणि विदर्भातल्या गेटवर तो मराठीत पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी तो नियम ड्युटीवरच्या माणसाच्या तोंडात असतो. ड्युटी बदलली की नियमही थोडा बदलतो.

तीन वर्षांमागची गोष्ट. भावाची पोस्टिंग दुसऱ्या राज्यात होती, कोणत्या छावणीत ते लिहीत नाही, त्याला उगाच त्रास नको. आईनं त्याला दीड वर्षात पाहिलं नव्हतं, सुट्टी दोनदा कॅन्सल झाली होती, म्हणून आम्हीच निघालो. आईनं तीन दिवस आधीपासून शेंगदाण्याचे लाडू, जवसाची चटणी, लिंबाचं लोणचं असं सगळं बांधून ठेवलं. वर्ध्यावरून रात्रीची गाडी धरली, पुढं एक गाडी बदलली, आणि सकाळी साडेनऊला त्या मेन गेटवर पोहोचलो. भावानं सांगितलं होतं की मी दहा वाजता गेटवर घ्यायला येतो. पण त्याची ऐनवेळी गार्ड ड्युटी लागली, ड्युटीवर मोबाईल जवळ नसतो, म्हणजे त्याला आमचा फोन नाही आणि आम्हाला त्याचा निरोप नाही. यात फौजेचा काही दोष नाही, ड्युटी ती ड्युटी.

दोष पुढं आहे. गेटवरच्या जवानानं आधी सांगितलं दोघांच्या आधारची झेरॉक्स द्या. झेरॉक्सचं दुकान दोन किलोमीटरवर. मी चालत गेलो, घेऊन आलो, तोवर दुसरा जवान आला होता, तो म्हणे झेरॉक्स नाही चालत, ज्याला भेटायचंय त्याच्या युनिटची चिठ्ठी पाहिजे. मी म्हणलं चिठ्ठी आतून आणायची आहे ना, मग ती बाहेर माझ्याजवळ कशी असेल. तो म्हणे मला माहित नाही, आदेश आहे. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच सांगितलेलं असेल. अर्ध्या तासानं तिसरा आला, त्यानं युनिटला फोन लावला, झेरॉक्स पण घेतली, लोणच्याची बरणी उघडून पाहिली, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, आणि दोन मिनिटात मोकळं केलं. तोवर पावणेएक झाला होता. आई सव्वातीन तास समोरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसली होती, कारण खाली ठेवला तर मुंग्या लागतील. मधात एक वयस्कर हवालदार बाहेर आला, बहुतेक दक्षिणेतला असावा, त्याची हिंदी तुटकी होती, त्यानं स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणून आईला दिली, पाण्याची बाटली दिली, माँजी माँजी म्हणत होता. त्या माणसाचं मी आजही नाव घेतो. पण खुर्ची त्यानं स्वतःच्या मनानं दिली होती, तिथं यायच्या माणसाला बसायला जागा अशी नव्हतीच.

आई काही चिडली नाही. परत येताना गाडीत एवढंच म्हणाली, "कागद कोणता लागते हे आधी सांगतलं असतं तर घरूनच नसता का आणला?"

मी तेव्हापासून या वाक्यावर विचार करून राहिलो. त्यात सिक्युरिटीला विरोध कुठंच नाही. ती बाई झडती द्यायला तयार होती, मोबाईल जमा करायला तयार होती, टोकन घेऊन बसायला तयार होती. तिला फक्त आधी माहित पाहिजे होतं. तिथं मराठी पाटी असावी अशी माझी अपेक्षा नव्हती, दुसरं राज्य आहे, पण तिथं कोणत्याच भाषेत अशी पाटी नव्हती की भेटायला येणाऱ्यांनी हे-हे आणावं. "विना अनुमति प्रवेश वर्जित" एवढंच लिहिलेलं. अनुमती कोण देतो, कशी मागायची, किती वाजता मागायची, काही नाही.

आता कोणी म्हणेल की बाबा, दिवस कसे आहेत, पठाणकोटच्या एअरबेसवर २ जानेवारी २०१६ ला हल्ला झाला, त्याच वर्षी १८ सप्टेंबरला उरीच्या कॅम्पमध्ये पहाटे घुसून जवानांना मारलं, आणि तुम्ही झेरॉक्सचं घेऊन बसले. मला हे मान्य आहे, आणि ज्याच्या घरचा माणूस आत झोपलेला असतो त्याला तर सगळ्यात आधी मान्य आहे. गाडीखाली आरसा फिरवा, डिक्की उघडा, रात्री गेटवर आल्यावर हेडलाईट बंद करून आतला लाईट लावायला सांगा, हेल्मेट काढायला लावा, सोबत माणूस द्या, आत ताशी २० च्या वर गाडी चालवू देऊ नका, एकाही गोष्टीला ना नाही. पण विचार करून पहा, भेटायला येणाऱ्यानं कोणता कागद आणायचा हे बोर्डावर लिहिलं तर शत्रूला त्यातून काय मिळते? विमानतळावर काय न्यायचं नाही याची यादी सगळ्या देशाला पाठ आहे, म्हणून विमानतळाची तपासणी ढिली झाली का? उलट ज्याच्याजवळ सगळा कागद बरोबर आहे तो दोन मिनिटात बाजूला होतो आणि पहारेकऱ्याची नजर ज्याच्यावर पाहिजे त्याच्यावर राहते. गेटवर चाळीस माणसं गोंधळलेली उभी असतील, प्रत्येक जण साहेब साहेब करत असेल, तर त्या गर्दीत पहारेकऱ्यानं कोणाकडं पहावं?

मराठीचं म्हणाल तर, विदर्भात हिंदी सगळ्यांना समजते हे खरं आहे, आपण बाजारात अर्धं हिंदीतच बोलतो. पण बोलायची हिंदी वेगळी आणि बोर्डावरची सरकारी हिंदी वेगळी. "प्रवेश हेतु मूल अभिलेख प्रस्तुत करें" हे सत्तर वर्षांच्या वीरमातेला कोण वाचून समजावणार. आणि हा काही माझा हट्ट नाही, केंद्र सरकारच्या कार्यालयांच्या पाट्यांसाठी जो त्रिभाषेचा नियम आहे त्यात राज्याची भाषा आधी, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम आहे. माहिती अधिकार कायदा २००५ फौजेलाही लागू आहे. देशाच्या सुरक्षेला धोका होईल अशी माहिती त्यात अडवता येते आणि ती अडवलीच पाहिजे, पण गेटवर कोणता कागद लागतो ही काही तशी माहिती नाही. ती तर मागायच्या आधीच लावून ठेवायची गोष्ट आहे.

आणि गेटवर येतात ते कोण? आम्हासारखे भेटायला येणारे कमीच. जास्त करून येतात ते रिटायर झालेले फौजी आणि त्यांच्या बायका, कँटीनचं सामान घ्यायला, पेन्शनच्या कागदासाठी, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्याचं रेफरल घ्यायला. ईसीएचएस २००३ मध्ये सुरू झालं, चांगली योजना आहे, माझ्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या सुभेदाराचं हृदयाचं ऑपरेशन त्यातच झालं. पण खेड्यातून सकाळची एसटी धरून, साठ-सत्तर किलोमीटर येऊन, गेटवर कळते की आज कँटीन स्टॉक-टेकिंगला बंद आहे. परत जा. एक महिना आधी ठरलेली गोष्ट असते ती, एका कागदावर लिहून गेटवर आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लावली असती तर त्या माणसाची एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं वाचलं असतं.

मग येतात मजूर. इथं मला जरा थांबून बोलायचंय. ३०-३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री पुलगावच्या डेपोत आग लागली. जुन्या अँटी-टँक माइन्समधून स्फोटक पाझरत होतं असं नंतर पुढं आलं. दीड डझनाहून जास्त लोक गेले, त्यात जास्त करून आग विझवायला धावलेले फायरचे लोक होते. आगरगाव, पिपरी, नागझरी या बाजूची गावं रातोरात खाली करावी लागली, लोक लेकरं कडेवर घेऊन, ढोरं दाव्यातून सोडून निघाले. मग २० नोव्हेंबर २०१८, सोनेगाव आबाजीजवळ, जुना दारूगोळा नष्ट करायच्या जागेवर स्फोट झाला, सहा जण गेले, त्यात आजूबाजूच्या खेड्यांतले रोजीवर आलेले मजूर होते. आणि २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला, आठ जण गेले.

म्हणजे या जागांचा धोका भिंतीच्या आतच राहत नाही. तो भिंतीबाहेरच्या कास्तकाराच्या वाट्यालाही येतो, मजुराच्या वाट्याला तर जास्तच येतो. ज्या माणसानं मध्यरात्री घर सोडून पळायचं आहे त्याला पळायचा रस्ता कोणता, सायरन कसा वाजतो, जमायचं कुठं, हे माहित असायला पाहिजे की नाही? रोजीवर आत जाणाऱ्या बाईला तिच्या भाषेत सांगायला पाहिजे की नाही की या पट्ट्याच्या पलीकडं पाय टाकायचा नाही, ही वस्तू हातात घ्यायची नाही? आत कुठं फिरायचं आणि कुठं नाही हे समजणं हा तिथं जीव वाचवायचा प्रश्न आहे. तो ठेकेदाराच्या मुकादमाच्या भरवशावर सोडायचा नसतो. ठेकेदाराला मजूर पाहिजे असतो, त्याला समजलं का नाही हे तो कायले विचारेल.

रस्त्यांचंही तसंच आहे. विदर्भात छावणी परिषद, म्हणजे छावणीची नगरपालिकाच, असलेली छावणी एकच, कामठीची, १८२१ पासूनची. महाराष्ट्रात अशा सात आणि देशात बासष्ट होत्या, आता त्या एकेक करून मोडीत काढायचं चाललंय. २००६ च्या छावणी कायद्यात रस्ता कायमचा बंद करायचा तर आधी नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवायची तरतूद आहे. तरी जागोजागी रस्ते असेच बंद होत गेले, आणि मग २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयानं बंद केलेले रस्ते उघडायला सांगितलं, त्यावर देशभर बराच वाद झाला, फौजींच्या घरच्या बायकांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, नवरा सीमेवर आणि क्वार्टरसमोरून रात्री कोणीही गाडी घेऊन जातो, हे कोणाला आवडेल. पण नोटीस काढून, ऐकून घेऊन, दुसरा रस्ता देऊन बंद करणं वेगळं, आणि एक दिवस सकाळी बॅरिकेड लागलेलं दिसणं वेगळं. छावणी परिषद जिथं आहे तिथं निदान हा कायदा दाखवता तरी येते. छावणीबाहेरच्या डेपोला, फॅक्टरीला तो लागू नाही.

माझ्या मामाचं वावर अशाच एका संरक्षणाच्या जागेच्या भिंतीला लागून आहे, कोणती ते राहू द्या. पंधरा वर्षं ज्या पांदणीनं बंडी जायची ती एका पावसाळ्यात बंद झाली, आता कापूस भरलेली बंडी चार किलोमीटर फेऱ्यानं न्यावी लागते. मामानं कधी तक्रार केली नाही. पण कोणाला विचारायचं हेही त्याला माहित नाही. तलाठी म्हणतो माझ्या हातात नाही, गेटवर म्हणतात वर बोला, वर म्हणजे कुठं? त्याच्यात भर म्हणजे १९०३ चा कायदा, वर्क्स ऑफ डिफेन्स, ज्यात अशा जागेच्या भोवती जास्तीत जास्त २००० यार्डांपर्यंत बांधकामावर बंधनं घालता येतात. दारूगोळ्याच्या बाजूला बंधन पाहिजेच, पुलगावनं ते दाखवलं. पण ती हद्द कुठं संपते हे कास्तकाराला घराचा पाया खोदल्यावर कळते. इथं मला ड्रोनचं उदाहरण द्यावंसं वाटते. आता फवारणीचे ड्रोन आले ना, तर २०२१ च्या नियमांत ड्रोन कुठं उडवायचा, कुठं नाही याचा सरकारनं नकाशाच करून टाकला, रेड झोन, येलो झोन, ग्रीन झोन, डिजिटल स्काय या सरकारी वेबसाईटवर उघडून पहा, तुमचं वावर कशात येते ते दिसते. कोणाची गुपितं फुटली नाहीत त्यानं. मग माणसानं चालायच्या रस्त्याचा असा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला काय हरकत आहे?

आपल्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट बोलतो. गेटसमोर, भिंतीजवळ, रणगाड्यासमोर उभं राहून रील काढायचं पोट्ट्यांनी बंद केलं पाहिजे. १९२३ चा गोपनीयता कायदा आहे, त्यात या जागा निषिद्ध ठरतात, शत्रूला उपयोगी पडेल असा नकाशा किंवा फोटो काढण्यासाठी १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमचा तसा इरादा नसला तरी चौकशी होते, आणि ज्या पोराला पुढं भरतीला उभं राहायचंय त्याच्या पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये अशी एक नोंद लागली तर चार वर्षांची अग्निवीरची संधी पण गेली समजा. गावात दोघा-तिघांना हे मी स्वतः सांगितलं तर त्यांना खरंच माहित नव्हतं. "फोटो काढू नये" एवढं इंग्रजीत होतं, का काढू नये हे कुठंच नव्हतं.

दुसरी बाजू, म्हणजे फौज पाहायला जायची. ती हौस खेड्यात फार मोठी आहे आणि चांगली हौस आहे ती. नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला घ्या, आजही फौजेच्या ताब्यात आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज तिथं लढले, नागपूरकर भोसल्यांचं राज्य तिथं हरलं. १८५७ मध्ये नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना तिथंच फाशी दिली असं सांगतात, त्यांची लांबच लांब कबर आत आहे. विदर्भातल्या लेकरांनी पाहिलीच पाहिजे अशी जागा. ती सगळ्यांसाठी उघडते वर्षातून तीन दिवस, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. आता खेड्यातला माणूस हे तीन दिवस ऐकून काय म्हणेल? हे तर ग्रामसभेचे दिवस आहेत. सकाळी शाळेत झेंडा, मग ग्रामपंचायतीचा झेंडा, मग ग्रामसभा. मास्तर शाळा सोडून नागपूरला जाऊ शकत नाहीत आणि लेकरं मास्तरांशिवाय जाऊ शकत नाहीत. ज्यांनी हे दिवस ठरवले त्यांचा हेतू चांगलाच होता, राष्ट्रीय सण आणि महाराष्ट्र दिन म्हणून ठेवले, पण ते नागपूरकरांच्या सोयीचे झाले. २६ नोव्हेंबरला, लढाईच्या दिवशी, तो किल्ला उघडा आणि खेड्यातल्या शाळांना आधी यादी देऊन बोलवा. लेकरांची नावं, आधार, मास्तरांचा फोन, सगळं आठ दिवस आधी तपासून घ्या. एवढी साधी गोष्ट आहे.

कारण जिथं फौजेनं ठरवलं तिथं सगळं होते. २०१९ मध्ये सियाचीनचा बेस कॅम्प ते कुमार पोस्ट हा भाग पर्यटकांसाठी उघडला. जानेवारी २०२५ मध्ये रणभूमी दर्शनाची वेबसाईट सुरू झाली, गलवान, डोकलाम, लोंगेवाला अशा जागांवर जायला परवानगी कशी घ्यायची ते त्यात आहे. मागच्या वर्षी गावातल्या एका पोराची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड, होती, त्याच्या आईबापाला जे पत्र आलं त्यात कोणता आयडी आणायचा, मोबाईल कुठं ठेवायचा, किती वाजता गेटवर यायचं, सगळं एकेक करून लिहिलेलं होतं. ते दोघं कधी तालुक्याच्या पुढं गेले नव्हते, तरी बरोबर जाऊन आले, पोरासाठी आईबापाला मिळणारं गौरव पदक छातीला लावून फोटो काढून आले. म्हणजे लिहिता येते. पाहुणा म्हणून बोलावलं तेव्हा लिहिलं, मग तोच बाप दोन महिन्यानं साध्या दिवशी पोराला भेटायला गेला तर त्याच्यासाठी का लिहायचं नाही?

मला जे पाहिजे ते फार नाही. प्रत्येक गेटवर एक मोठी पाटी, वर मराठी, त्यात कोण येऊ शकते, कोणता कागद, किती वाजता, आत काय न्यायचं नाही. एक टिनाचं शेड, बाकडं, पाण्याचा माठ. कँटीन आणि दवाखान्याच्या सुट्ट्यांचा कागद दर महिन्याला. डेपो-फॅक्टरीच्या भोवतीच्या ग्रामपंचायतीत हद्दीचा नकाशा आणि सायरनची माहिती, आणि एक फोन नंबर जो कोणीतरी उचलते. मजुराला आत सोडायच्या आधी दहा मिनिटं मराठीतून सूचना. हे सगळं लिहून मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडलं, सरपंचबाईंनी लगेच घेतला, दोन माजी सैनिकांनी सही केली, आता तो अर्ज पोस्टानं पाठवायचा आहे.

भावाची पोस्टिंग पुन्हा बदलली आहे. दिवाळीनंतर आईला घेऊन जायचंय. तिनं आत्ताच एक प्लास्टिकची फाईल तयार करून कपाटात ठेवली, काल मी उघडून पाहिली. दोघांचं आधार, त्याच्या चार-चार झेरॉक्स, राशन कार्ड, मतदान कार्ड, बँकेचं पासबुक, भावाच्या जुन्या मूव्हमेंट ऑर्डरची पिवळी पडलेली प्रत, आणि सगळ्यात खाली सातबारा. मी म्हणलं आई, सातबारा कायले? तर म्हणे, "राहू दे. कोणता मागतील काय माहित."